बसलेल्या बैलाखालचं नाव

आमच्या पेंटरला जुन्नरकडच्या एका गाडामालकाने फसवलं. पुण्याच्या एका कलादालनवाल्याने ती फसवणूक भिंतीवर टांगली, वर दिवा लावला आणि लोकांना बोलावून दाखवली. आज दोघेही सुखात आहेत. एकाच्या दिवाणखान्यात शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो आहे, दुसऱ्याच्या कपाटात गुळगुळीत कागदाची पुस्तिका आहे. चित्र ज्याने काढलं त्याच्याकडे यातलं काही नाही.

मी त्या पेंटरचा नातेवाईक नाही. मी त्याची चित्रं विकणारा. घोडेगावच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून माझं चित्रांचं दालन होतं. सिमेंटचं जुनं गोडाऊन होतं ते. भिंतींना चुना मारला, खिळे ठोकले आणि बाहेर ‘आर्ट गॅलरी’ अशी पाटी लावली. पहिल्याच आठवड्यात पारावरचे लोक बघायला आले. त्यातला एक म्हणाला, “राव, गॅलरी म्हंजी वरच्या मजल्याला आसती. तुझी तर खाली पडली की!” मी त्याला हाकलून दिलं. पुढची दहा वर्षं तो मला ‘पडकी गॅलरी’ म्हणत राहिला.

मी शिकलो तो भीमाशंकरच्या पायऱ्यांवर. नव्वदच्या सुमाराला तिथे टोपलीत तसबिरी घेऊन उभा राहायचो. तिथला देव खाली आहे. पायऱ्या उतरताना माणूस दर्शनाच्या घाईत असतो, त्याला काही विकता येत नाही. परत चढताना त्याला धाप लागते, तो कठड्याला टेकतो. टेकलेल्या माणसापुढे तसबीर धरायची. पळून जायला त्याच्यात दम नसतो. या एका अकलेवर मी काचेचं आणि फ्रेमचं दुकान काढलं आणि पुढे हे गोडाऊन घेतलं. कुणाच्या बापाने मला काही दिलेलं नाही.

पेंटर ओतूरचा. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, सडपातळ, सदऱ्याच्या खिशात कायम रंगाने माखलेलं फडकं. एके काळी ओतूरच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. खतांची दुकानं, दवाखाने, टेम्पोच्या पाठी, तालमीच्या भिंती. त्यांच्या बुद्धवस्तीच्या कमानीवरचं धम्मचक्र त्याचंच, चोवीस आरे दोरीने मापून काढलेले. मग फ्लेक्स आला. दोन दिवसांच्या कामाला दोन तास लागू लागले आणि पेंटर घरी बसला. जयंतीला त्याच कमानीशेजारी फ्लेक्सचं चक्र लागलं तेव्हा तो मला घेऊन गेला आणि म्हणाला, “मोजा.” मी मोजले. बावीस निघाले. तो नुसता हसला.

त्याला बैलांच्या चित्रांवर मी बसवला. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रेला बैलगाड्यांच्या शर्यती असतात. डोंगराच्या उतारावर घाट बांधतात, गाडे सोडतात, सेकंद मोजतात आणि माइकवरून मालकाचं नाव गाव घेऊन पुकारतात. त्या पुकाऱ्यासाठी माणसं काय वाटेल ते करतात. घरच्या म्हाताऱ्याला दूध मिळो न मिळो, गाड्याच्या बैलाला अंडी आणि बदाम. अशा माणसाला त्याच्या बैलाचं मोठं चित्र का नको असेल? पत्र्यावर, ऑइल पेंटात, पुरुषभर उंचीचं. शर्यती कधी कोर्टात अडकायच्या, कधी सुटायच्या. अडकल्या की चित्रांची मागणी उलट वाढायची, कारण पळवता येत नाही तर निदान टांगता तरी येतो.

आता एक गोष्ट नीट सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या चित्रात तळाला, उजव्या कोपऱ्यात, एक नाव आणि एक गाव असतं. ते मालकाचं. ‘मालक’ असा शब्दही लिहीत नाहीत, गरज नसते. बैलाखालचं नाव बैलवाल्याचं असणार, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पेंटरचं नाव कुठेच नसतं. पाट्या रंगवणाऱ्यांचा दर अक्षरावर असतो आणि आपल्या नावाच्या अक्षरांचे पैसे कोण देणार? एकदा पेंटरने मला विचारलं होतं, “कोपऱ्यात बारीक टाकू का माझं?” मी म्हणालो, “टाक की. पण त्या अक्षरांचं मी देणार नाही.” त्याने टाकलं नाही. मला तेव्हा वाटलं, मी सौदा जिंकला.

तर हा गाडामालक. द्राक्षबाग, दोन ट्रॅक्टर, गळ्यात साखळी. त्याचा एक पांढरा बैल सगळ्या घाटांवर गाजलेला होता, पण आता वय झालं होतं. मालक मला म्हणाला, “त्यो हाय तवर काढून घ्या. पैशाकडं बघू नका, पावणं.” पैशाकडे बघू नका म्हणणारा माणूस स्वतः फक्त पैशाकडे बघतो हे मला ठाऊक होतं, म्हणून मी निम्मे आधी घेतले. पेंटर तीन दिवस त्याच्या गोठ्यात जाऊन बसला. हातात ब्रश नाही, कागद नाही. नुसता बसला. मग ओतूरला जाऊन महिनाभर दिसलाच नाही.

चित्र आणलं ते टेम्पोत उभं करून. मी गोडाऊनच्या दारात उभा होतो. खरं सांगतो, मी तसबिरी विकणारा माणूस, मला चित्रातलं फारसं कळत नाही, पण मी टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करायला विसरलो, आणि मी ती विसरत नाही. बैल बसलेला होता. पुढचे पाय दुमडून, वशिंड एका बाजूला कललेलं, डोळे अर्धे मिटलेले, रवंथ चाललेला. वेसणीच्या जागी कातडी घट्ट होऊन काळवंडलेली. एक माशी डोळ्याच्या कडेला. आणि मागे गोठ्याच्या दाराच्या चौकटीत, लांब, बारीकसा, रिकामा घाट. तळाला मालकाचं नाव आणि गाव, पिवळ्या रंगात, पेंटरच्या वळणदार अक्षरात.

मालक आला, बघितलं आणि पेटला.

“बसवला? माझा बैल बसवला? लोक काय म्हंतील? गाडाच बसला म्हंतील!”

“पाटील, तो बसलेलाच असतो आता,” पेंटर म्हणाला. “तीन दिस मी बघितलं.”

“मी काय तुला बघायला लावला व्हता का? पळता काढायला लावला व्हता! शिंगं वर, शेपूट वर, फेस तोंडाला! हे काय काढलंस? म्हातारं मानूस काढल्यावानी!”

“हां,” पेंटर म्हणाला, “तसंच.”

मालकाने माझ्याकडे तोंड वळवलं. “फुकट दिलं तरी ह्ये मी घरात घेणार नाय. घासून टाका आन् दुसरं काढा.”

मी त्याला सांगितलं की आधीचे पैसे मी परत करणार नाही आणि दुसरं चित्र हवं असेल तर पुन्हा पूर्ण दाम पडेल. तो शिव्या घालत गेला. मी मागून दोन शिव्या घातल्या. पेंटर टर्पेंटाइनचा डबा उघडायला लागला. मालक घेत नाही तर खालचं नाव पुसून टाकू, असं त्याचं म्हणणं. मी म्हणालो, “राहू दे. नाव राहू दे. कुणी नाकारलंय ते जगाला कळू दे.” हा माझा राग होता. त्या रागाची किंमत पुढे पेंटरने मोजली.

मग तो श्रावण आला ज्यात पुण्यात स्वाइन फ्लू आला.

माझं वर्ष श्रावणावर चालायचं. भीमाशंकरला जाणारी वाहनं सोमवारी रांग लावून जायची, निदान चहाला तरी थांबायची, आणि त्यातली दहातली एक गाडी माझ्याकडे वळायची. त्या वर्षी पुण्यातल्या शाळा बंद, सिनेमा बंद, आणि टीव्हीवर दिवसभर तोंडाला फडकं बांधलेली माणसं. आमच्याकडे लोक त्याला डुकराचा ताप म्हणायचे. कापूर आणि वेलदोड्याच्या पुरचुंड्या गळ्यात आल्या. किराणावाल्याने कापराचा भाव असा चढवला की मला सुद्धा लाज वाटली, आणि मला ती सहसा वाटत नाही. जे यात्रेकरू आले ते काचा वर करून सरळ निघून गेले. गावातून दोघेजण माझ्याकडे येऊन म्हणाले, “पुण्याचं मानूस आत घेऊ नगंस, भाऊ. तुझ्यापायी आमी मरू.” पुण्याचं माणूस नको तर माझ्याकडे येणार कोण? घोडेगावचे लोक बैल बघायला पैसे देतात का? त्यांच्या दावणीला तो फुकट आहे.

तीन सोमवार गेले. दालनात मी आणि भिंतीवरचे चौदा बैल, काही नमुन्याचे, काही मालकांनी न नेलेले. चौथ्या सोमवारी मी विचार केला: माणूस आत येत नाही ना? मग चित्र बाहेर जाईल. पत्रा आहे, ऑइल पेंट आहे. ट्रकच्या पाठी पावसात भिजतात, त्यांना काय होतं? मी गोडाऊनच्या रस्त्याकडच्या लांब भिंतीवर पट्ट्या ठोकल्या आणि चौदाही बैल बाहेर टांगले, एकापाठोपाठ एक, गाडीतून बघता येतील असे. कागदावर माझा मोबाईल नंबर ठळक लिहून लावला. उतरू नका, फोन करा. पारावरचा तो माणूस तोंडाला उपरणं बांधून बघायला आला आणि म्हणाला, “आता आख्खी गॅलरीच भायेर पडली.”

पण गाड्यांचा वेग कमी व्हायला लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पंधरवड्यात तीन चित्रं गेली, तिन्ही फोनवर. एकाही गिऱ्हाइकाचा चेहरा मी बघितला नाही. तापाच्या त्या दिवसांत या रस्त्यावर जर कुणी काही विकलं असेल तर मी आणि कापूरवाला.

सगळ्यात पुढे, वळणावरून पहिलं दिसेल असं, मी बसलेल्या बैलाचं चित्र टांगलं होतं. त्या गाडामालकाची पाहुणेमंडळी याच रस्त्याने देवाला जातात. त्यांनी बघावं आणि घरी जाऊन त्याला सांगावं, हा हेतू. मी खोटं लिहीत नाही.

एका दुपारी मोठी पांढरी गाडी वळणावर थांबली. मग मागे आली. पुन्हा पुढे गेली. आणि माझा फोन वाजला. मी दारात, ते गाडीत, मध्ये पंधरा पावलं आणि बंद काच. काचेमागे एक गोरटेला गृहस्थ, नाकावर तो सरकारी डॉक्टर लावतात तसला फुगीर मास्क. पुण्यात त्यांचं चित्रांचं दालन होतं. खरं दालन, वरच्या मजल्यावरचं.

“पहिलं चित्र हवंय,” फोनमधून आवाज आला. “बसलेला बैल.”

मी भाव सांगितला. त्यांनी निम्मा केला. मी म्हणालो, काच खाली करा म्हणजे नीट बोलता येईल. ते म्हणाले, काच खाली होणार नाही. मी म्हणालो, मग भावही खाली होणार नाही. आम्ही पाऊण तास भांडलो, एकमेकांना बघत, फोन कानाला लावून. आयुष्यातला माझा सर्वांत चांगला सौदा तो. ड्रायव्हर उतरला, त्याने नोटा दगडाखाली ठेवल्या, पत्रा जंतुनाशकाच्या फडक्याने पुढून-मागून पुसला, आणि गाडीच्या टपावर बांधला. पत्रा टपावर चढण्याआधी मी बघितलं की त्या गृहस्थांनी काचेतून वाकून उजव्या कोपऱ्यातलं नाव वाचलं आणि वहीत टिपून घेतलं.

हे चित्र कुणी काढलं, असं त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. विकलेल्या मालाबद्दल जास्त बोलू नये, गिऱ्हाईक परत विचार करतं. हे मी पायऱ्यांवर शिकलो होतो. पेंटरला त्याचा वाटा मी त्याच संध्याकाळी पोचवला. “कुणी घेतलं?” त्याने विचारलं. मी सांगितलं. “पुण्याला टांगणार?” तो परत म्हणाला. “चांगल्या उजेडात?” त्या दिवशी त्याने पहिल्यांदा माझ्या दारात बसून चहा मागून घेतला.

ताप ओसरला. थंडीत मी दुसरी चार चित्रं त्या दालनात खपतात का बघायला पुण्याला निघालो, आणि पेंटरला बरोबर घेतलं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता. आपलं चित्र कुणी नीट भिंतीवर टांगलेलं त्याने कधी बघितलेलं नव्हतं. आम्ही टांगायचो त्याला टांगणं म्हणत नाहीत.

आत गर्दी होती. फुलं, वाट्यांतून काजू, बायका-पुरुष हळू आवाजात बोलणारे. समोरच्या भिंतीवर बसलेला बैल, वरून दिवा. शेजारी कार्ड: ‘शेतकरी-चित्रकार’, आणि खाली गाडामालकाचं नाव, गाव. आणि कार्डाशेजारी खुद्द गाडामालक, गुलाबी फेटा बांधून, खांद्यावर शाल. दालनवाल्यांनी वहीतल्या नावावर पत्र धाडलं होतं आणि हा आला होता. नुसता आला नव्हता, बोलत होता.

“बैल म्हातारा झाला ना,” तो एका चष्मेवाल्या बाईंना सांगत होता, “की काळजात कालवतं बघा. पळता समदे काढत्यात. बसलेला काढाया काळीज लागतं.”

मी तिथेच ओरडलो. काय ओरडलो ते इथे लिहिता येणार नाही. हळू आवाजातली सगळी माणसं आमच्याकडे वळली. गाडामालकाने मला बघितलं, पेंटरला बघितलं, आणि पापणी न लवता म्हणाला, “ह्यो आमचा रंगारी. हाताखाली लावला व्हता. कल्पना माझी, बैल माझा. बागेला मानसं लावतो तसाच.” मग पेंटरकडे वळला. “काय रं? खाली माझंच नाव लिवलंस का नाय? खरं सांग समद्यांफुडं.”

पेंटर म्हणाला, “लिवलं.”

“बगा!”

“अक्षरं माजी,” पेंटर म्हणाला. “नाव तुमचं.”

कुणाला काही कळलं नाही. दालनवाले माझा दंड धरून बाजूला घेऊन गेले. त्या दिवशी त्यांच्या तोंडावर मास्क नव्हता, आणि सांगतो, होता तेव्हा बरे दिसत होते. मी त्यांना आमची रीत सांगितली. ते ऐकून घेत होते, माझ्या खांद्यावरून पाहुण्यांकडे बघत. मग म्हणाले, “पण नाव तर तुमच्याकडूनच आलं ना? पुस्तिका छापून झाली आहे. आणि खरं सांगू का, शेतकरी स्वतःच्या बैलाचं चित्र काढतो, याला एक अर्थ आहे.” म्हणजे यांना अर्थ आधीच सापडला होता. आता पेंटर मध्ये आला तर अर्थाची अडचण.

मी वळून बघितलं तर पेंटर चित्रापाशी होता. अगदी जवळ, नाक टेकेल इतका. मला वाटलं आता हा रडणार किंवा पत्रा उतरवणार, आणि उतरवला असता तर मी धरू लागलो असतो. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “डाव्या कोपऱ्याला गंज धरलाय. जंतूचं औषध पुसलं त्यानं वार्निश गेलं. त्यांना सांगा, पातळ हात मारून घ्या, नायतर दोन पावसात बैल जाईल.” मी म्हणालो, तूच सांग. तो म्हणाला, “मी कोन?”

परतीच्या एसटीत माझा उतरायचा फाटा जवळ आला. मग मी म्हणालो, “आता पुढच्या प्रत्येक चित्रावर तुझं नाव. मोठं. अक्षरांचे पैसे मी देतो.”

त्याने खिडकीबाहेर बघत विचारलं, “अक्षराला किती?”

मी खिशातले सुटे पैसे काढून मोजायला लागलो. 

त्यानंतर त्याने बैल काढला नाही. मी ओतूरला किती खेपा घातल्या ते मोजलेलं नाही. एकदा म्हणाला, डोळे गेले. एकदा म्हणाला, हात कापतो. त्याच महिन्यात कमानीवरच्या चक्राला त्याने नव्याने रंग दिला आणि एकही आरा हललेला नव्हता, तेव्हा हात कापत नाही हे मला माहीत आहे. उरलेले बैल पळते होते, ते मी विकले. दुसरा चित्र काढणारा मिळाला नाही आणि गोडाऊनमध्ये परत सिमेंट आलं. तापाने माझं दालन बंद पडलं नाही, हे लक्षात ठेवा. तापात ते चाललं. ते बंद पडलं एका फेट्याने.

त्या दालनवाल्यांना मी तीन पत्रं धाडली. उत्तर नाही. गाडामालकाला मी एकदा यात्रेत गाठलं, चार माणसांत विचारलं. तो हसून म्हणाला, “आरं, लई जुनं झालं ते. चा घे.” त्याचा चहा मी घेतला नाही. फुकटचा चहा नाकारल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

नाव पुसू दिलं नाही, ती माझी चूक. चित्र कुणी काढलं ते सांगितलं नाही, ती माझी हाव. माझ्या वाट्याचं मी वर लिहून दिलं आहे, त्यावर सही करायला उभा आहे. आता त्यांच्या वाट्याचं.

दालनवाल्यांनी ते कार्ड काढावं आणि पुस्तिकेत चिठ्ठी चिकटवावी. डिंक मी आणून देतो. आणि गाडामालकाने घाटावर, भर यात्रेत, ज्या माइकवरून त्याचं नाव पुकारतात त्याच माइकवरून सांगावं की तो बसलेला बैल कुणाच्या हाताने बसला. जे चित्र तू फुकटही घेणार नाही म्हणालास, त्याच्यावर शाल घेतलीस कशी? पेंटर अजून ओतूरात आहे, त्याला ऐकू येतं. तो गेल्यावर सांगशील तर मला ते नको. या यात्रेला सांग.